ब्लॉकचेनमधली फाटाफूट : मालक नसलेल्या घरात निर्णय कोण घेतं?

मागच्या व्याख्यानात आपण ब्लॉकचेन म्हणजे एक सामायिक खातेवही, एवढं समजून घेतलं. ही वही एका बँकेच्या तिजोरीत नसते. हजारो संगणकांवर तिच्या सारख्याच प्रती असतात आणि नवं पान कोणतं जोडायचं हे ठरलेल्या नियमांनुसार ठरतं. व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्यांनी विचारलं, "मालकच नाही म्हणता, मग भांडण झालं तर निकाल कोण देतो?" प्रश्न साधा होता, पण दोन वाक्यांत उत्तर देता येईना. म्हणून आजचा सगळा वेळ आपण त्याच प्रश्नाला देणार आहोत.

सुरुवातीला या घरात राहतात तरी कोण, ते पाहू. पहिले प्रोग्रॅमर, जे सॉफ्टवेअर लिहितात. दुसरे मायनर, जे वीज आणि यंत्रं खर्च करून नवे ब्लॉक तयार करतात आणि त्याचा मोबदला घेतात. तिसरे नोड चालवणारे, म्हणजे वहीची पूर्ण प्रत ठेवून प्रत्येक ब्लॉक नियमात बसतो की नाही हे तपासणारे. चौथे एक्स्चेंज आणि वॉलेट कंपन्या, जिथे नाण्यांची खरेदी-विक्री होते. आणि पाचवे तुमच्या-आमच्यासारखे नाणी बाळगणारे लोक. या पाचांपैकी कोणीही दुसऱ्याला हुकूम देऊ शकत नाही. प्रोग्रॅमरने नवं सॉफ्टवेअर काढलं तरी ते बसवायचं की नाही, हे ज्याचं तो ठरवतो.

आता समजा, नियम बदलायचा आहे. बदल दोन प्रकारचे असतात. नियम आणखी कडक केला, तर जुन्या सॉफ्टवेअरलाही नवे ब्लॉक चालतात. याला सॉफ्ट फोर्क म्हणतात. पण पूर्वी जे चालत नव्हतं ते आता चालेल असा बदल केला, तर जुनी सॉफ्टवेअर नवे ब्लॉक नाकारतात. हा हार्ड फोर्क. सगळ्यांनी एकदम नवं सॉफ्टवेअर घेतलं तर काही बिघडत नाही. काहींनी घेतलं आणि काहींनी नाही घेतलं, की त्या ब्लॉकपासून वहीला दोन फाटे फुटतात.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. आपल्याकडे भावाभावांत वाटणी झाली की घराचे दोन भाग होतात, प्रत्येकाच्या वाट्याला निम्मं येतं. ब्लॉकचेनच्या वाटणीत मात्र घराच्या दोन प्रती होतात. फाटा फुटण्याआधी तुमच्याकडे दहा नाणी असतील, तर नंतर या वहीतही दहा आणि त्या वहीतही दहा. मग भांडण कशाचं? भांडण दारावरच्या पाटीचं. घराण्याचं नाव कोणी लावायचं, बाजार कोणत्या नाण्याला खरं मानणार, आणि कोणत्या घरात माणसं राहायला जाणार? दुसरं घर ओस पडलं तर त्यातल्या दहा नाण्यांना काही किंमत राहत नाही.

फाटे कधी कधी अपघातानेही फुटतात. मार्च २०१३ मध्ये बिटकॉइनच्या ०.८ या नव्या आवृत्तीने एक मोठा ब्लॉक स्वीकारला, आणि ०.७ या जुन्या आवृत्तीने तोच ब्लॉक नाकारला. कारण जुन्या आवृत्तीच्या डेटाबेसमध्ये एक मर्यादा होती, जी कोणाच्या लक्षात आलेली नव्हती. सुमारे सहा तास दोन वह्या शेजारी शेजारी चालू होत्या. मायनरांची जास्त ताकद नव्या आवृत्तीकडे होती. तरीही प्रोग्रॅमरांनी मोठ्या मायनिंग पूलना विनंती केली की जुन्या आवृत्तीकडे परत या, कारण अनेकांकडे अजून तीच आहे. पूल परत आले. त्या काळात नव्या फाट्यावर काढलेल्या ब्लॉकांच्या मोबदल्यावर त्यांनी पाणी सोडलं. त्या दिवशी कोणताही नियम त्यांना तसं करायला भाग पाडत नव्हता. सगळ्यांचं हित एकच आहे हे स्पष्ट होतं, आणि एकमेकांवर विश्वास होता, म्हणून गाडी रुळावर आली.

हित एक नसेल तेव्हा काय होतं? त्यासाठी आपण तीन उदाहरणं पाहू.

पहिलं उदाहरण इथेरियमचं. हे नेटवर्क जुलै २०१५ मध्ये सुरू झालं. यात नुसत्या नोंदी नसतात, तर आपोआप चालणारे करारही वहीत लिहून ठेवता येतात. त्यांना स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट म्हणतात. २०१६च्या एप्रिल-मे महिन्यांत 'द डाओ' नावाचा असाच एक मोठा करार उभा राहिला. कल्पना अशी की लोकांनी ईथर जमा करायचे, आणि तो पैसा कोणत्या प्रकल्पात घालायचा हे सभासदांनी मतदानाने ठरवायचं. आपल्या भिशीचं मोठं रूप म्हणा, फक्त पैसा सांभाळणारा माणूस नाही, त्याच्या जागी कोड. जवळजवळ १ कोटी २० लाख ईथर जमा झाले. त्या वेळच्या भावाने ते सुमारे १५ कोटी डॉलर होते, आणि अस्तित्वात असलेल्या एकूण ईथरपैकी सुमारे १४ टक्के.

१७ जून २०१६ रोजी त्यातून ईथर बाहेर जायला लागले. चूक काय होती, तर हा करार पैसे आधी देत असे आणि शिल्लक नंतर कमी करत असे. समजा, बँकेतला रोखपाल नोटा हातात देतो आणि पासबुकात नोंद मागाहून करतो. नोंद व्हायच्या आत तुम्ही पुन्हा हात पुढे केलात, तर त्याच्या वहीत तुमची शिल्लक अजून तेवढीच दिसते, आणि तो पुन्हा पैसे देतो. हल्लेखोराने हेच पुन्हा पुन्हा केलं आणि सुमारे ३६ लाख ईथर एका वेगळ्या करारात वळवले. त्या कराराच्याच रचनेमुळे जवळपास चार आठवडे त्याला ते बाहेर काढता येणार नव्हते. म्हणजे समाजाकडे विचार करायला चार आठवडे होते.

आता दोन्ही बाजू नीट ऐका, कारण दोन्हीकडे प्रामाणिक माणसं होती.

एक बाजू म्हणाली, ही सरळ चोरी आहे. हजारो लोकांचे पैसे गेलेत, आपल्याला ते थांबवता येतंय, मग का थांबवू नये? नियम माणसांसाठी असतात.

दुसरी बाजू म्हणाली, या कराराच्या अटींतच लिहिलं होतं की कोडमध्ये जे आहे तेच खरं. आपण जगाला सांगितलं की इथे कोणी नोंद खोडू शकत नाही. आज चोराची खोडली, उद्या एखाद्या सरकारने सांगितलं म्हणून दुसऱ्याची खोडाल. तसं असेल तर आपल्यात आणि बँकेत फरक काय?

आधी सॉफ्ट फोर्कचा मार्ग सुचवला गेला : मायनरांनी त्या खात्याचे व्यवहार घ्यायचेच नाहीत. पण त्या उपायाचा आधार घेऊन कोणीही फुकटात सगळं नेटवर्क ठप्प करू शकेल, हे कॉर्नेल विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी जूनच्या अखेरीस दाखवून दिलं. तो उपाय मागे पडला. उरला हार्ड फोर्क. घाईघाईने एक मतदान झालं, त्यात ज्याच्याकडे जितके ईथर तितकं त्याचं वजन. ८५ टक्क्यांहून जास्त कौल फोर्कच्या बाजूने पडला. पण मतदानात उतरलेले ईथर एकूण ईथरच्या अगदी थोड्या टक्क्यांत होते. बहुतेकांनी मत दिलंच नाही. त्यांतल्या कित्येकांना मतदान आहे हेच कळलं नव्हतं.

२० जुलै २०१६ रोजी, १९ लाख २० हजाराव्या ब्लॉकवर हार्ड फोर्क झाला. डाओतले ईथर एका नव्या करारात हलवले गेले आणि ज्यांचे त्यांना परत घेता आले. यातला एक बारकावा सांगण्यासारखा आहे. सर्वात जास्त वापरलं जाणारं सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला फोर्क हवा की नको हे निवडता येत होतं, पण काहीच निवडलं नाही तर 'हवा' असं धरलं जात होतं. सोसायटीच्या सभेत "विरोध असेल त्यांनी हात वर करा" म्हटल्यावर काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे. ठराव बहुतेक वेळा पास होतो. म्हणजे आधीच भरून ठेवलेलं उत्तर कोणतं, हे लिहिणाऱ्याच्या हातात बरीच सत्ता असते.

बहुसंख्य मायनर नव्या फाट्यावर गेले. जुनी वही बंद पडेल असं अनेकांना वाटलं होतं. पण थोड्या लोकांनी ती चालू ठेवली, तिला इथेरियम क्लासिक हे नाव पडलं, आणि जुलै संपायच्या आत एका मोठ्या एक्स्चेंजने तिचं नाणं खरेदी-विक्रीला घेतलं. भाव मिळाला म्हणून मायनर आले, मायनर आले म्हणून वही टिकली. त्यातून एक नवीच अडचण उभी राहिली. एका वहीवर केलेला व्यवहार कोणीही उचलून दुसऱ्या वहीवरही चालवू शकत होता, कारण सही दोन्हीकडे सारखीच वैध. काही एक्स्चेंजना याचा फटका बसला. सहीमध्येच वहीचा क्रमांक घालायची सोय नोव्हेंबर २०१६ मध्ये आली, तेव्हा हे आटोक्यात आलं.

तत्त्वासाठी वेगळं राहिलेल्यांना किंमतही मोजावी लागली. मायनर कमी म्हणजे सुरक्षा कमी. जानेवारी २०१९ मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट २०२० मध्ये इथेरियम क्लासिकवर हल्लेखोरांनी भाड्याने ताकद मिळवून वहीची अलीकडची पानं उलटी फिरवली. जी वही कोणी खोडू शकत नाही म्हणून वेगळी ठेवली होती, तिचीच पानं खोडली गेली.

आणि ज्यांनी नोंद बदलली, त्यांनी पुढे काय केलं? नोव्हेंबर २०१७ मध्ये एका वॉलेटच्या सामायिक कोडमध्ये गडबड होऊन ५ लाख १३ हजारांहून जास्त ईथर कायमचे अडकले. चोरी नव्हती, कोणाच्याच हाती ते लागले नाहीत. ते सोडवण्याचा प्रस्ताव २०१८ मध्ये आला, मतदानात विरोध जास्त झाला, आणि तो मागे पडला. एकदा फुटल्याचा व्रण समाजाच्या लक्षात होता. मग ज्यांचे पैसे अडकले ते विचारणारच : डाओवाल्यांना मिळाले, आम्हाला का नाही? या प्रश्नाला कोडमध्ये उत्तर नाही.

दुसरं उदाहरण बिटकॉइनचं. इथे चोरी नव्हती, आकड्याचं भांडण होतं. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने लिहिणाऱ्या निर्मात्याने २०१० मध्ये एका ब्लॉकवर १ मेगाबाइटची मर्यादा घातली आणि काही महिन्यांतच तो या सगळ्यातून बाजूला झाला. साधारण दहा मिनिटांना एक ब्लॉक, म्हणजे सेकंदाला जेमतेम सातच्या आत व्यवहार. गर्दी वाढली तशी व्यवहाराची फी वाढू लागली.

एक गट म्हणाला, मर्यादा वाढवा. बिटकॉइन ही रोकड आहे, चहाचे पैसेही त्यातून देता आले पाहिजेत. दुसरा गट म्हणाला, ब्लॉक मोठे झाले की वही जड होते, मग साध्या माणसाला घरच्या संगणकावर नोड चालवता येणार नाही, आणि तपासणीचं काम चार मोठ्या कंपन्यांकडे जाईल. छोटे व्यवहार वरच्या थरात करू, खालची वही हलकी ठेवू. पहा, मेगाबाइटच्या आड खरा वाद वेगळाच होता : ही वस्तू नेमकी कशासाठी आहे?

२०१५ मध्ये गॅविन अँड्रेसन आणि माइक हर्न यांनी ८ मेगाबाइटची मुभा देणारी आवृत्ती काढली. तिला पुरेसा पाठिंबा मिळाला नाही. दुसऱ्या गटाने 'सेगविट' नावाचा सॉफ्ट फोर्क आणला, पण तो लागू व्हायला मायनरांपैकी ९५ टक्क्यांची संमती हवी होती, आणि ती महिनोन् महिने मिळेना. मे २०१७ मध्ये न्यूयॉर्कला पन्नासहून जास्त कंपन्यांनी तडजोड केली : आधी सेगविट, मग ब्लॉक दुप्पट. त्यांच्या पाठीशी मायनरांची ८० टक्क्यांहून जास्त ताकद होती. त्याच सुमाराला नोड चालवणाऱ्या सामान्य वापरकर्त्यांतल्या एका गटाने जाहीर केलं की १ ऑगस्टपासून सेगविटला पाठिंबा न दाखवणारे ब्लॉक आम्ही नाकारणार.

शेवटी सेगविट आलं, ऑगस्टमध्ये लागूही झालं. त्याआधीच, १ ऑगस्ट २०१७ रोजी मोठ्या ब्लॉकवाल्यांनी वेगळी चूल मांडली. तिचं नाव बिटकॉइन कॅश. तडजोडीतला दुसरा भाग, ब्लॉक दुप्पट करण्याचा, नोव्हेंबरमध्ये व्हायचा होता. ८ नोव्हेंबरला त्याच्या पुरस्कर्त्यांनीच तो मागे घेतला, पुरेशी सहमती नाही असं सांगून. नीट विचार करा : कंपन्या बरोबर, मायनर बरोबर, तरी बदल झाला नाही. कारण मायनरांनी काढलेलं नाणं कोणीतरी स्वीकारायला हवं. नोड चालवणारे आणि नाणं विकत घेणारे वळले नाहीत, तर मायनर वीजबिल कशातून भरणार?

पण जिंकलेल्यांनाही सगळं मिळालं नाही. डिसेंबर २०१७ मध्ये बिटकॉइनच्या एका व्यवहाराची सरासरी फी एका टप्प्यावर ५० डॉलरच्या वर गेली. पहिल्या गटाने दिलेला इशारा खरा ठरला होता. आणि वेगळं झालेल्यांचं काय? १५ नोव्हेंबर २०१८ रोजी बिटकॉइन कॅशचे पुन्हा दोन तुकडे झाले, २०२० मध्ये आणखी एक फाटा फुटला. एकदा वाटणी हा मार्ग सापडला की पुढच्या भांडणातही तोच आठवतो.

तिसरं उदाहरण थोडक्यात सांगतो, कारण त्यात मतदान अगदी नियमात बसवलेलं होतं. स्टीम या नेटवर्कवर ब्लॉक तयार करणारे प्रमुख वीस जण नाणेधारकांच्या मतांनी निवडले जात. ज्याची नाणी जास्त, त्याचं मत मोठं. ते नेटवर्क उभारणाऱ्या कंपनीकडे सुरुवातीपासून नाण्यांचा मोठा साठा होता, आणि तो मतदानासाठी वापरायचा नाही असा संकेत होता. फेब्रुवारी २०२० मध्ये ट्रॉन नेटवर्कचे जस्टिन सन यांनी ती कंपनी विकत घेतली. निवडून आलेल्या लोकांनी धास्तावून तो साठा गोठवला. मार्चच्या सुरुवातीला काही मोठ्या एक्स्चेंजनी आपल्याकडे ठेवलेली ग्राहकांची नाणी मतदानाला लावली आणि ते वीसच्या वीस जण बदलले. ग्राहकांना कोणी विचारलं नव्हतं. मतदानाला लावलेली नाणी परत मोकळी व्हायला तेरा आठवडे लागत, ते वेगळंच. टीका झाल्यावर एक्स्चेंज मागे हटली. २० मार्च २०२० रोजी जुने लोक वही घेऊन बाहेर पडले आणि हाइव्ह नावाचं नेटवर्क सुरू झालं. नव्या वहीत त्यांनी कंपनीचा तो साठा वगळला.

आपल्याकडच्या सहकारी संस्थेत शेअर कितीही असोत, एका सभासदाला एकच मत असतं. हा नियम कशासाठी केला असेल, ते स्टीमची गोष्ट ऐकल्यावर कळतं. ब्लॉकचेनवर मात्र तो नियम आणणं फार अवघड आहे. एक माणूस शंभर वॉलेट उघडू शकतो, आणि वहीला माणूस दिसत नाही, खातं दिसतं. म्हणून मोजायचं ते नाणी तरी मोजायची किंवा यंत्रांची ताकद, आणि दोन्ही पैशाने विकत मिळतात.

मग त्या श्रोत्यांच्या प्रश्नाचं उत्तर काय? निकाल देणारा कोणी नाही, हे खरं. पण निर्णय होतच नाही असं नाही. प्रोग्रॅमर काय लिहितात, मायनर कशावर खर्च करतात, नोड काय नाकारतात, एक्स्चेंज कोणत्या नाण्याला जुनं नाव देतात आणि लोक कोणतं नाणं हातात ठेवतात, या सगळ्यांच्या ओढाताणीतून तो होतो. यात प्रत्येकाकडे नकाराचा अधिकार आहे, होकार लादायचा अधिकार कोणाकडे नाही. आणि पटलंच नाही तर वही घेऊन बाहेर पडायची मोकळीक आहे, जी बँकेच्या खातेदाराला नसते. ही मोकळीक मोठी आहे, पण फुकट नाही. माणसं विभागली जातात, सुरक्षा विभागली जाते.

वेळ संपत आली आहे, एक प्रश्न मात्र घेऊ. मागच्या रांगेतून विचारलंय, फाटा फुटतो तेव्हा आपली नाणी असतील तर काय होतं?

वॉलेटची खासगी किल्ली तुमच्याकडे असेल तर दोन्ही वह्यांतली नाणी तुमची. नाणी एक्स्चेंजकडे ठेवली असतील तर वहीत नाव त्यांचं असतं, दुसरं नाणं द्यायचं की नाही हे तेच ठरवतात. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या कॉइनबेसने बिटकॉइन कॅश देणार नाही असं आधी सांगितलं, ग्राहक नाराज झाल्यावर भूमिका बदलली, आणि ती नाणी लोकांच्या हातात पडायला डिसेंबर उजाडला. शिवाय फाट्याच्या दिवसांत घाईने व्यवहार करू नयेत, आणि "नवं फुकट नाणं घ्या, फक्त किल्ली टाका" असं सांगणाऱ्याला तर मुळीच जवळ करू नये. त्यात किल्ली जाते आणि जुनी नाणीही जातात.

डाओच्या वेळी आपण असतो, आपले पैसे त्यात अडकलेले असते, तर आपण कोणत्या बाजूला उभे राहिलो असतो? आणि आपले पैसे अडकलेले नसते तर? दोन्ही उत्तरं एकच येतात का, ते घरी जाऊन पाहा. पुढच्या वेळी इथूनच सुरुवात करू.